ग्रंथालयाचा उंबरठा आणि नवा विद्यार्थी

ठाणे शहराच्या उत्तरेस माजिवड्याचा नाका आहे. मुंबईहून नाशिककडे जाणारा जुना आग्रा रस्ता आणि घोडबंदरकडे वळणारा रस्ता येथे एकमेकांपासून वेगळे होतात. मूळचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. आज त्याच्याभोवती उंच इमारतींची दाटी झाली असून महानगरपालिकेच्या माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीने या गावाचे नाव धारण केले आहे. जवळच बाळकुम येथे मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र २०१४ पासून उभे आहे. या परिसरातून ठाण्यातील महाविद्यालयांकडे जाणाऱ्या तरुणांची मांदियाळी पाहिली, तर जिल्ह्याचे लोकजीवनच डोळ्यांपुढे उभे राहते. गावठाणातील कोळ्याची मुलगी, येऊरच्या पाड्यावरील वारली मुलगा, भिवंडीतील यंत्रमाग कामगाराची उर्दू माध्यमातून शिकलेली कन्या, उल्हासनगरचा सिंधी विद्यार्थी, शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळेतून आलेला ठाकूर वा कातकरी युवक आणि उदरनिर्वाहासाठी उत्तरेतून वा दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांतील मुले, अशी ही विविधता आहे.

हे सर्व विद्यार्थी महाविद्यालयात प्रवेश घेतात, तेव्हा ग्रंथालयाचे ओळखपत्रही त्यांच्या हाती पडते. परंतु ओळखपत्र मिळणे आणि ग्रंथालयाची ओळख होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या घरातून यापूर्वी कोणीही महाविद्यालयात गेलेले नाही, त्याला ग्रंथालय ही परक्या लोकांची जागा वाटू शकते. काय विचारावे, कोणास विचारावे, कोणत्या भाषेत विचारावे, याचा उलगडा न झाल्याने तो दारातूनच परत फिरतो आणि परीक्षेच्या तोंडावर बाजारातील मार्गदर्शिकेचा आधार घेतो. पदवी कदाचित त्याला मिळते. परंतु स्वतः प्रश्न उभा करावा, त्याचे उत्तर शोधावे आणि ते पारखून घ्यावे, ही उच्च शिक्षणाची खरी कमाई मात्र त्याच्या पदरात पडत नाही. हे नुकसान टाळण्याचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे वाचक-प्रशिक्षण होय.

परंपरा जुनी, वाचक नवा

ठाणे जिल्ह्याला ग्रंथालयांची जुनी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू झाले. 'महाराष्ट्र सारस्वत' या वाङ्मयेतिहासाचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे हे या कार्याचे एक अध्वर्यू. इंग्रजी विद्येच्या त्या काळात मराठी ग्रंथांना स्वतःचे घर हवे, हा विचार त्यामागे होता. ज्या ग्रंथालयात आपली भाषा दिसत नाही, ते ग्रंथालय वाचकाला आपले वाटत नाही, हे तत्त्व ठाणेकरांनी अशा रीतीने फार पूर्वी ओळखले होते. पुढे राज्य शासनाने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून या चळवळीस आधार दिला. उच्च शिक्षणाची सोय मात्र जिल्ह्यात तुलनेने उशिरा झाली. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय १९६९ मध्ये आणि कल्याणात बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये सुरू झाले.

वाचकवर्गाची विविधताही येथे नवी नाही. ठाण्यात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर १८७९ पासून आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत १९६२ मध्ये वागळे इस्टेट येथे उभी राहिली आणि तिने प्रांतोप्रांतीच्या कामगारांना ठाण्यात आणले. २०११ च्या जनगणनेत अविभक्त ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक भरली. देशातील तो सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. २०१४ मध्ये त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.

नवे आहे ते हे, की या सर्व समाजांतील मुले आता उच्च शिक्षणाच्या दारात येऊन उभी राहिली आहेत. तथापि, सर्वांचे प्रमाण सारखे नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार १८ ते २३ या वयोगटाचे स्थूल नोंदणी प्रमाण देशात २८.४ टक्के होते. अनुसूचित जातींच्या बाबतीत ते २५.९ टक्के, तर अनुसूचित जमातींच्या बाबतीत २१.२ टक्के होते. एवढ्या प्रयासाने दारापर्यंत आलेला विद्यार्थी आत आल्यावर ग्रंथालयाच्या उंबरठ्याशी अडखळू नये, ही जबाबदारी संस्थेची आहे.

एका तासाचा परिचय

बहुतेक महाविद्यालयांत वर्षारंभी ग्रंथालय-परिचयाचा एक तास ठेवला जातो. ग्रंथपाल नियम सांगतात, देवघेव विभाग दाखवितात, संगणकीय तालिका कशी पाहावी याचे प्रात्यक्षिक करतात आणि शेवटी काही शंका आहेत काय, असे विचारतात. शंका सहसा कोणी विचारीत नाही. त्यावरून सर्वांना सर्व समजले, असा निष्कर्ष काढला जातो.

वस्तुतः या एका तासात अनेक गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. इंग्रजीतील तांत्रिक शब्द सर्वांना ठाऊक आहेत, कपाटातून पुस्तक स्वतःच्या हाताने काढावयाचे असते हे सर्वांना माहीत आहे, वडीलधाऱ्यांना चारचौघांत प्रश्न विचारण्यात कोणालाही संकोच नाही आणि संगणकाचा सराव प्रत्येकाला आहे, ही ती गृहीतके होत. ज्या शाळेत पुस्तकांचे कपाट कुलूपबंद असे आणि पुस्तक शिक्षकांच्या हातूनच मिळे, त्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला मुक्तद्वार पद्धतीचे ग्रंथालय पाहून प्रथम भीतीच वाटते. पुस्तकाला हात लावला तर कोणी रागावेल काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि तोच तो विचारू शकत नाही.

म्हणून सर्वसमावेशक वाचक-प्रशिक्षणाचे पहिले सूत्र असे सांगता येईल : जे नियम अध्याहृत आहेत, ते उघड करून सांगावेत. पुस्तके हाताळण्यास मुभा आहे; काढलेले पुस्तक परत जागी न ठेवता टेबलावर ठेवले तरी चालते; नेमके नाव ठाऊक नसले तरी केवळ विषय सांगून मदत मागता येते; विचारणे हे अज्ञानाचे लक्षण नसून ग्रंथालय वापरण्याची ती रीतच आहे. ही चार वाक्ये प्रारंभीच सांगितली, तर पुढील सर्व शिक्षण सुकर होते.

पिन क्रमांकावरून वर्गांकाकडे

दुसरे सूत्र म्हणजे विद्यार्थ्याला जे आधीच ठाऊक आहे, तेथून आरंभ करावा. ग्रंथांच्या पाठीवरील वर्गांक हा नवागतास कोड्यासारखा वाटतो. परंतु अंकांच्या चढत्या बारकाव्याने स्थान निश्चित करण्याची युक्ती त्याने आपल्या घराच्या पत्त्यात रोज वापरलेली असते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेली पिन क्रमांकाची पद्धती १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली. ठाण्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा क्रमांक ४००६०१ हा आहे. त्यातील पहिला अंक देशाचा मोठा विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष कार्यालय.

मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणातही हेच तत्त्व आहे. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ हा होय. ८ म्हणजे साहित्य, ८९ म्हणजे पश्चिम युरोपातील प्रमुख भाषा वगळून अन्य भाषांचे साहित्य, ८९१ मध्ये भारत-युरोपीय कुळातील उरलेल्या भाषा, ८९१.४ म्हणजे आधुनिक भारतीय आर्यभाषा, आणि ८९१.४६ म्हणजे मराठी. त्याच ओळीत सिंधीला ८९१.४१, हिंदीला ८९१.४३, उर्दूला ८९१.४३९ आणि गुजरातीला ८९१.४७ हे क्रमांक आहेत. परिचयाच्या तासात प्रत्येकाने आपल्या मातृभाषेचे कपाट शोधून काढावे, एवढा एकच पाठ दिला, तर वर्गीकरणाचे तत्त्व समजते आणि या वास्तूत आपल्या भाषेलाही जागा आहे, हा विश्वासही येतो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे आवश्यक आहे. इंग्रजी साहित्याला ८२० हा पूर्ण क्रमांक आहे आणि मराठीला मात्र दशांश चिन्हापलीकडे जावे लागते. धर्म या वर्गात २२० ते २८० हे क्रमांक ख्रिस्ती धर्माकडे असून हिंदू, बौद्ध, जैन, शीख, इस्लाम इत्यादी धर्म २९० च्या घरात एकत्र बसविलेले आहेत. एखाद्या चौकस विद्यार्थ्याला हे खटकेल आणि ते खटकावे. ही रचना एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत तेथील ग्रंथसंग्रहांसाठी झाली. तो भाषांचा वा धर्मांचा श्रेष्ठ-कनिष्ठ क्रम नव्हे, हे ग्रंथपालांनी समजावून द्यावे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडून ज्ञानाची वेगळी व्यवस्थाही शक्य आहे हे दाखवून दिले, हेही त्याच वेळी सांगता येईल. व्यवस्था माणसांनी केलेल्या असतात आणि माणसांना त्या तपासता येतात, हा धडा कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडतो.

नावांचा गुंता

संगणकीय तालिकेत ग्रंथकाराचे आडनाव आधी येते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही मराठी रीत ज्याला माहीत आहे, त्याला हे सहज उमगते. परंतु ही रीत सर्वांची नाही. रंगनाथन यांच्याच नावात शियाळी हे गाव, रामामृत हे वडिलांचे नाव आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव आहे; आडनाव त्यात नाहीच. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे 'आझाद' हे त्यांनी घेतलेले टोपणनाव होते. ज्ञानेश्वर-तुकाराम यांचा शोध त्यांच्या नावांनीच घ्यावा लागतो. विष्णु वामन शिरवाडकर यांचे काव्य 'कुसुमाग्रज' या नावाखाली, तर कृष्णाजी केशव दामले यांचे 'केशवसुत' या नावाखाली शोधावे लागते.

वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी नावे कशी ठेवतात हे सांगितले आणि तालिकेत आपले नाव कोणत्या शब्दाखाली येईल याचा विचार केला, तर हा किचकट विषय एका खेळात उलगडतो. तमिळ कुटुंबातील मुलगा, सिंधी मुलगी, आगरी मुलगा, मोमीन मुलगी असे सारेच यात सांगणारे होतात. ज्याची रीत वेगळी, तोच तेथे माहीतगार ठरतो. शिकविण्याच्या या पद्धतीत वेगळेपण ही अडचण राहत नाही. ती अध्यापनाची सामग्री होते.

शब्द सापडला तर ग्रंथ सापडतो

वाचक-प्रशिक्षणातील सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा भाग शोधशब्दांचा होय. यंत्राला अर्थ कळत नाही, अक्षरे कळतात. माजिवडा हेच नाव 'माजिवडा', 'माजिवाडा' व 'माजीवाडा' असे तीन प्रकारे लिहिलेले आढळते. रोमन लिपीतील रूपे आणखी वेगळी. एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपाखालील नोंद हाती लागेलच असे नाही. आपल्या गावाचे नाव सर्व रूपांनी शोधून पाहणे, हा या भागातील विद्यार्थ्यांसाठी उत्तम पहिला पाठ ठरेल.

याहून गंभीर प्रश्न समाजांच्या नावांचा आहे. समजा, शहापूर तालुक्यातील एका कातकरी विद्यार्थ्याला आपल्या समाजाच्या इतिहासावर निबंध लिहावयाचा आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्यावरील खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. तशा जुन्या ग्रंथांत त्याला 'काथोडी' हे नाव भेटेल. खैराच्या लाकडापासून काथ तयार करण्याच्या व्यवसायावरून ते पडले. शासकीय कागदपत्रांत हाच समाज आधी 'आदिम जमाती' आणि पुढे 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' या सदरांखाली येतो. ही सर्व नावे ठाऊक नसतील, तर ग्रंथालयात काहीच नाही, असे समजून विद्यार्थी परत जाईल; आणि आपल्या लोकांना इतिहासच नाही, असा चुकीचा समज मनात घेऊन जाईल.

काही नावे मनाला जखम करणारी असतात. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु त्या काळातील ग्रंथ आणि अहवाल जुन्याच शब्दांखाली नोंदलेले आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीची माहिती शोधणाऱ्या मुलीला तो अपमानाचा शब्द स्वतःच्या हाताने यंत्रात लिहावा लागतो. अशा वेळी ग्रंथपालाने आधीच सांगून ठेवले पाहिजे, की हा शब्द त्या कायद्याचा आहे, त्या माणसांचा नव्हे; जुना दस्तऐवज सापडावा म्हणून तो वापरावयाचा आणि स्वतःच्या लेखनात मात्र आजचा सन्मानाचा शब्द योजावयाचा. एवढे एक वाक्य वेळीच ऐकावयास मिळाले, तर विद्यार्थिनी ग्रंथालयातून मान खाली घालून न जाता टिपणे घेऊन बाहेर पडते.

शोधशब्दांच्या या कामी मराठीत चांगली साधने उपलब्ध आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातील नोंदींत मराठी संज्ञांबरोबर अनेकदा इंग्रजी पर्यायही दिलेले असतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत. ही दोन्ही साधने आता संगणकावरही पाहता येतात. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने प्रथम विश्वकोशातील नोंद वाचावी, तेथील इंग्रजी संज्ञा टिपावी आणि मग ती घेऊन इंग्रजी ग्रंथांकडे वळावे, हा क्रम शिकविला तर भाषेची भिंत दरवाजासारखी उघडते. २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात अनेक भारतीय भाषांतील सामग्री आहे. उर्दू वा सिंधी वाचणाऱ्या विद्यार्थ्यास ते दाखवून दिल्यास महाविद्यालयाच्या स्वतःच्या संग्रहातील उणीव काही अंशी भरून निघते.

हे कोणी सांगितले?

ग्रंथांचा आधार घेताना मूळ लेखकाचा उल्लेख करणे हा विद्याव्यवहाराचा दंडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी विनियम केले. प्रबंधातील मजकुराचे अन्य लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारित लेखन द्यावे लागते. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित लेखन सादर करण्यास मनाई होते. आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. नव्या विद्यार्थ्यांना हे बहुधा दंडाच्या भाषेत सांगितले जाते. पाठांतराला विद्या मानणाऱ्या शाळेतून आलेला मुलगा त्यामुळे गोंधळतो. पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे लिहिले म्हणून त्याला कालपर्यंत पूर्ण गुण मिळाले होते. आज त्याच कृतीला चोरी म्हटले जाते.

वास्तविक, ज्याचे त्याला श्रेय देण्याची रीत प्रत्येक समाजाच्या परंपरेत आहे. अभंगाच्या अखेरीस संताची नाममुद्रा असते आणि कीर्तनकार वचन कोणाचे हे सांगितल्यावाचून पुढे जात नाही. गझलेच्या शेवटच्या शेरात कवी आपले टोपणनाव गुंफतो. हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी आधी सांगितली जाते आणि त्या साखळीवरून तिची विश्वसनीयता जोखली जाते. वारली विवाहात गाणी म्हणण्याचा अधिकार धवलेरीचा असतो. कोणीही उठून ते कार्य करीत नाही. तळटीप ही या सर्व रीतींची विद्यापीठीय बहीण होय. वचन कोणाचे, ते कोठून मिळाले आणि ते सांगणारा विश्वासार्ह आहे काय, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याच्या घरातच जन्मलेले आहेत. तेथून आरंभ केला तर संदर्भ देणे हा जाच न वाटता सौजन्य वाटू लागते.

ग्रंथपालाचे वर्तन आणि ग्रंथालयाची वेळ

प्रशिक्षणाचा तास कितीही चांगला झाला, तरी विद्यार्थी पुन्हा येईल की नाही हे देवघेवीच्या टेबलावर ठरते. तेथे मराठी वा हिंदी बोलल्याने काम लवकर होते काय, चुकलेल्या उच्चारावर कोणी हसते काय, याकडे नवा विद्यार्थी बारकाईने पाहत असतो. म्हणून ग्रंथपालाबरोबरच साहाय्यक व शिपाई यांनाही या कामाची दृष्टी दिली पाहिजे. नियमांचा फलक इंग्रजीबरोबर मराठीत असावा आणि जेथे विद्यार्थिसंख्या आहे तेथे उर्दू वा हिंदीतही असावा. उर्दू ग्रंथ उजवीकडून डावीकडे वाचले जातात. त्यांच्या पाठीवरील चिठ्ठ्या त्यानुसार लावाव्यात.

चारचौघांत शंका विचारण्यास संकोच वाटणाऱ्यांसाठी दोन सोपे उपाय आहेत. एक, शंका कागदावर नाव न घालता लिहून घेणे. दोन, वरच्या वर्गातील अशा विद्यार्थ्यांना ग्रंथमित्र म्हणून नेमणे, की जे स्वतः त्याच वाटेने आले आहेत. व्याख्यानाऐवजी तीन-चार जणांच्या गटांना लहान कामगिरी द्यावी. मात्र गट भाषावार वा जातवार पाडू नयेत; मिश्र गटांतच एकमेकांचे ज्ञान कामी येते. वर्षारंभीचा एकच तास पुरेसा नाही. प्रकल्प लिहावयाची वेळ जवळ आली, की दुसरा तास ठेवावा. कारण गरज उत्पन्न झाल्यावर शिकलेले टिकते.

वेळेचा प्रश्नही समावेशकतेचाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून सकाळच्या वर्गांची व्यवस्था केली होती. त्याच्या आधीच्या वर्षी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे जे कार्य आरंभिले, ते पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांपर्यंत गेले. रानात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. विद्यार्थ्याच्या दिनक्रमाशी संस्थेने जुळवून घ्यावे, हा या दोन्ही प्रयोगांतील समान धागा आहे. दिवसा काम करणाऱ्या, दूरच्या गावाहून शेवटच्या बसने परतणाऱ्या मुलामुलींना ग्रंथालय कोणत्या वेळी उघडे सापडते, हे प्रत्येक महाविद्यालयाने तपासून पाहावयास हवे.

दोन आक्षेप

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की विशिष्ट विद्यार्थ्यांसाठी वेगळी व्यवस्था केल्याने त्यांच्यावर मागासपणाचा शिक्का बसतो. हा आक्षेप योग्य आहे आणि म्हणूनच तास वेगळा नसावा. सर्वांचा एकच तास असा योजावा, की प्रत्येकाला पाय ठेवण्यास जागा मिळेल. आडनाव वा पोशाख पाहून भाषा ठरविण्याची चूकही करू नये. ठाण्याच्या बेने इस्राएल घरांतून पिढ्यान्पिढ्या मराठी बोलली गेली आणि कोकणी मुसलमानांची बोली कोकणातलीच आहे. कोणाला काय येते, हे विचारून घ्यावे. तर्काने ठरवू नये.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपाल एकटे असतात. परंतु येथे सुचविलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. मातृभाषेचे कपाट शोधणे, नावांचा खेळ, शोधशब्दांची यादी, निनावी चिठ्ठ्या यांस कागद-पेन्सिल पुरते. विषयशिक्षकाने आपल्या एका तासिकेत ग्रंथपालास सहभागी करून घेतले, तर दोघांचेही काम हलके होते.

जगातही ग्रंथालयक्षेत्राचा प्रवास याच दिशेने झाला आहे. माहिती साक्षरता ही संज्ञा १९७४ मध्ये अमेरिकेत प्रथम योजिली गेली. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००६ मध्ये बहुसांस्कृतिक ग्रंथालयाचा जाहीरनामा मंजूर केला आणि पुढे युनेस्कोनेही त्यास पाठिंबा दिला. अमेरिकेतील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांस्कृतिक वैविध्याविषयीची मानके प्रसिद्ध केली. तथापि, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, असे तत्त्व रंगनाथन यांनी मद्रास येथे १९३१ मध्येच आपल्या पंचसूत्रीत ग्रथित केले होते. त्यातील 'प्रत्येक' या शब्दाचा अर्थ विस्तारत जाणे, हाच या सर्व प्रयत्नांचा इतिहास म्हणता येईल.

यशाची कसोटी

अशा प्रशिक्षणाचे यश कसे मोजावे? किती विद्यार्थी तासाला बसले, ही संख्या फारशी उपयोगाची नाही. तास झाल्यानंतर महिन्याभरात त्यांपैकी किती जण स्वतःहून परत आले, किती जणांनी पाठ्यपुस्तकाखेरीज अन्य ग्रंथ नेला आणि मुख्य म्हणजे जे आले नाहीत ते कोण होते, हे पाहावयास हवे. देवघेवीच्या नोंदी प्रत्येक ग्रंथालयात असतात. त्या वर्षातून दोनदा या दृष्टीने चाळल्या, तर कोणाला अजून उंबरठा ओलांडता आलेला नाही हे कळते. कोणाला बोल लावण्यासाठी नव्हे, तर पुढील तास अधिक चांगला व्हावा म्हणून ही पाहणी करावयाची.

माजिवड्याच्या नाक्यावरून निघणारे रस्ते वेगवेगळ्या दिशांना जातात; पण त्याच रस्त्यांनी निरनिराळ्या गावांची मुले ज्ञानाच्या ओढीने शहरात येतात. त्यांच्या स्वागतास ग्रंथालयाने सज्ज असावे. आपल्या भाषेचे कपाट सापडलेला, आपल्या समाजाचा इतिहास कोणत्या शब्दाखाली दडला आहे हे उमगलेला आणि निःसंकोचपणे प्रश्न विचारू लागलेला विद्यार्थी पुढे इतरांनाही वाट दाखवितो. पुढील वर्षी नवागतांचा हात धरून त्यांना कपाटांपर्यंत नेणारा ग्रंथमित्र तोच असेल.